फाइल खराब आहे, पण कुठली?

या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं ‘इन्स्टॉल होत नाही’ या एकाच रडगाण्याची आहेत. त्यातली चार निवडली. पहिल्या पत्राने बरीच जागा खाल्ली आहे, पण ते तेवढ्या लायकीचं होतं.

प्रश्न : हिशेबाचं एक सॉफ्टवेअर टाकतेय. सेटअपच्या फाइली खराब आहेत, नवी प्रत मिळवा, असा संदेश येतो. तीनदा डाउनलोड केलं. आता एकच सेटअप पुन्हा पुन्हा चालवून बघितला, तर कधी साठ टक्क्यांवर अडकतो, कधी नव्वदवर. भाचा म्हणतो, फॉरमॅट मार. मारू का?

उत्तर : नका मारू. भाच्याला सांगा, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होईल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : सेटअप तोच, पण अडकतो वेगवेगळ्या ठिकाणी. फाइल खरोखर फाटलेली असेल, तर ती दर वेळी फाटलेल्या जागीच अडकायला हवी. जागा बदलतेय म्हणजे संशय फाइलवरून उठून मशीनवर जातो. पण संशयच, निकाल नव्हे. निकालासाठी फाइलचा ठसा घ्यायचा.

आधी साधी गोष्ट बघून टाका : फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये तिचा आकार. साइटवर चारशे एमबी लिहिलंय आणि तुमच्याकडे चाळीस केबीच आहेत, असं निघालं तर ते सॉफ्टवेअर नाहीच. फुकटच्या वायफायचं लॉगिनचं पान सेटअपच्या नावाने सेव्ह झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आकार जुळला की ठसा. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडा आणि इंग्रजीत टाइप करा : सर्टयुटिल (certutil), जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून हॅशफाइल, जागा. मग सेटअपची फाइल माउसने उचलून त्या काळ्या खिडकीत सोडा, तिचा लांबलचक पत्ता आपोआप उमटतो. पुन्हा जागा, आणि एसएचए२५६. एंटर. काही सेकंदांत ६४ अक्षर-अंकांची एक ओळ येते. तोच ठसा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते, त्यामुळे ‘थोडाफार जुळतोय’ असं काही नसतं. बऱ्याच कंपन्या डाउनलोडच्या पानावर आपला ठसा छापतात. त्याच्याशी ताडून बघा.

कंपनीने छापला नसला तरी हरकत नाही. मशीन रीस्टार्ट करून त्याच फाइलचा ठसा पुन्हा घ्या. असं तीनदा. मध्ये रीस्टार्ट हवाच, कारण एकदा वाचलेली फाइल विंडोज रॅममध्ये धरून ठेवतं आणि दुसऱ्यांदा डिस्ककडे न जाता तिथूनच वाचतं. लागोपाठ तीनदा केलंत तर तीच चूक तीनदा दिसेल.

तिन्ही ठसे सारखे, पण कंपनीच्या ठशाशी जुळत नाहीत : डाउनलोड बिघडलंय, वायफायऐवजी केबल लावून किंवा दुसऱ्या मशीनवर उतरवा. सारखे आणि जुळतातही : फाइल निर्दोष, मग अँटिव्हायरस किंवा टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरमधला जुना अर्धवट पसारा बघायचा. आणि कुणीही हात न लावलेल्या एकाच फाइलचे तीन ठसे तीन तऱ्हेचे आले, तर रॅम. क्वचित डिस्कची केबल.

हे मी शिकले ते फजिती होऊन. बारा मशीनच्या प्रयोगशाळेत एका मशीनवर एक मोठं पॅकेज काही केल्या बसेना. दोन दिवस पेन ड्राइव्ह बदलले, विंडोज नव्याने टाकायला घेतलं तर तेही अर्ध्यात मोडलं. विक्रेत्याला ‘तुमची प्रतच खराब आहे’ असं झणझणीत पत्र गेलं. तिसऱ्या दिवशी ठसा घेतला. चहा घेऊन आले, रीस्टार्ट करून पुन्हा घेतला, तर आकडे वेगळे. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढली, तेच. ती लावून दुसरी काढली आणि ठसा एकदम स्थिर झाला. काढलेल्या पट्टीची सोनेरी टोकं खोडरबरने पुसून पाहिली, पण ती मेलेलीच होती. विक्रेत्याला दुसरं पत्र लिहिलं, ते मात्र बरंच मवाळ होतं.

तेव्हा ठसे हलले तर स्टार्टमध्ये एमडीशेड (mdsched) टाइप करून विंडोजची मेमरी तपासणी चालवा. ती ‘दोष नाही’ म्हणाली तरी लगेच विश्वास ठेवू नका. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन रात्रभर लावून ठेवा. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी बाद. आणि ती निघेपर्यंत त्या मशीनवर महत्त्वाची फाइल सेव्ह करू नका, कारण सेटअप निदान ओरडतो तरी, तुमच्या हिशेबातला आकडा गुपचूप बदलेल.

प्रश्न : आठवडाभर विंडोजचं अपडेट बसत नाहीये, क्रमांक ०एक्स८००७३७१२. ऑफिसातल्या एकाने एसएफसी स्कॅननाऊ चालवायला सांगितलं. खराब फाइली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत, असं उत्तर आलं. आता?

उत्तर : सल्ला बरोबर होता, क्रम उलटा झाला. एसएफसी बिघडलेली फाइल काढून चांगली प्रत बसवतं, पण ती प्रत आणतं कुठून? विंडोजच्याच पोटातल्या विनएसएक्सएस नावाच्या कोठारातून. तुमचा एरर नेमका हेच सांगतोय की कोठारालाच कीड लागली आहे. तिथला दाणा खराब, मग एसएफसी देणार काय?

म्हणून आधी कोठार. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ ही कमांड द्या. प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक जागा. हे मायक्रोसॉफ्टच्या अपडेट सर्व्हरवरून चांगल्या प्रती आणतं, तेव्हा नेट चालू हवं. मध्येच टक्केवारी थिजते, वीस-वीस मिनिटं हलत नाही. खिडकी बंद करू नका, जेवून या. ते संपलं की एसएफसी /स्कॅननाऊ, मग रीस्टार्ट, मग अपडेट. डीआयएसएमलाच ‘सोर्स सापडत नाही’ असं आलं, तर तुमच्याच आवृत्तीची आणि भाषेची विंडोजची आयएसओ फाइल (अख्खा सेटअप एकाच फाइलीत) उतरवून सोर्स म्हणून तिचा पत्ता द्यावा लागतो.

हे सगळं होऊन महिनाभरात पुन्हा तेच, तर डिस्ककडे बघा. इथे माझा एक हट्ट आहे : चेकडिस्क /आर चालवण्याआधी कामाच्या फाइलींची प्रत बाहेर काढा. ती कमांड डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्या श्रमानेच जाऊ शकते.

प्रश्न : सी ड्राइव्ह भरला म्हणून विंडोजमधला इन्स्टॉलर नावाचा लपलेला फोल्डर रिकामा केला. बारा जीबी मिळाले. आता एक सॉफ्टवेअर ना अपडेट होतं ना निघतं. १६१२ येतो, मूळ स्रोत मिळत नाही म्हणतो.

उत्तर : रिसायकल बिनमध्ये असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी सगळं परत ठेवा.

नसेल, तर ऐका. एमएसआय, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने बसणारं, प्रत्येक सॉफ्टवेअर बसताना स्वतःची एक छोटी प्रत तिथे ठेवतं. दुरुस्ती, पॅच, काढून टाकणं, सगळं त्या प्रतीवरून चालतं. तो कचरा नव्हता, पावत्यांचं कपाट होतं. मित्राच्या मशीनवरून फोल्डर उचलून आणू नका. तिथली नावं प्रत्येक मशीनवर वेगळी, यादृच्छिक असतात, जुळणार नाहीत. नेमक्या त्याच आवृत्तीचा जुना सेटअप मिळवा, आणि काढताना विंडोज स्रोत विचारतं तेव्हा तो दाखवा. तोही मिळत नसेल तर मायक्रोसॉफ्टचं इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर हे फुकट साधन नोंदी साफ करतं, मग नवीन आवृत्ती बसते. जागा हवी असेल तर डिस्क क्लीनअप वापरा. हाताने विंडोजच्या फोल्डरमध्ये शिरू नका.

प्रश्न : गेम सुरू करताना एमएसव्हीसीपी१४० डीएलएल नाही म्हणतो. ती एकटी फाइल देणाऱ्या साइट आहेत. घेऊ?

उत्तर : नको. त्या फाइलीसोबत काय येईल याची हमी कोण देणार? ती व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल या पॅकेजचा भाग आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतं, आणि २०१५ ते २०२२ या सगळ्या आवृत्त्यांसाठी एकच चालतं. विंडोज ६४ बिटचं असलं तरी गेम ३२ बिटचा असू शकतो, तेव्हा एक्स६४ (६४ बिट) आणि एक्स८६ (३२ बिट) दोन्ही टाका.