विमानाने जाताना माझे फिल्मचे रोल (काही ४०० चे, काही ३२०० चे) शिशाच्या पिशवीत घालून चेक-इन बॅगेत टाकले तर चालतील का?

नाही. चेक-इन सामान तपासणारी यंत्रं फिल्मसाठी सगळ्यात घातक असतात. त्यात शिशाची पिशवी पडद्यावर काळा ठोकळा म्हणून दिसली की बॅग पुन्हा स्कॅन होते, नाहीतर तुमच्या मागे उघडली जाते. त्या पिशवीच्या पैशांत आणखी रोल घ्या.

तुमचे ४०० आणि ३२०० आयएसओचे सगळे रोल केबिन बॅगेतच हवेत (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा; तो जितका मोठा तितकी फिल्म जास्त संवेदनशील). पण तिथेही यंत्र कोणतं आहे ते बघावं लागतं. जुन्या एक्स-रे यंत्रातून ४०० चा रोल एकदोनदा गेला तर सहसा काही दिसत नाही. ३२०० चा मात्र त्यातूनही घालू नका. शिवाय परिणाम साठत जातो, म्हणून विमान बदलताना होणारी प्रत्येक तपासणी हिशोबात धरा. सीटी स्कॅनर (बॅगेची सगळ्या बाजूंनी प्रतिमा घेणारं नवं यंत्र) असेल तर १०० चा रोलही एकदासुद्धा जाऊ देऊ नका. 'लॅपटॉप बॅगेतच राहू द्या' असं सांगत असतील तर यंत्र बहुधा सीटी आहे. शंका आली तर विचारा.

एक्स-रे सिल्व्हर हॅलाइडच्या कणांवर प्रकाशासारखेच काम करतात. त्यामुळे फॉग (सगळ्या चित्रावर धूसरपणा) चढतो, काळं राखाडी होतं, ग्रेन (दाणेदारपणा) वाढतं आणि सावल्यांमधला तपशील जातो. तो नंतर निगेटिव्ह स्कॅन करताना परत आणता येत नाही. कोऱ्या आणि फोटो काढून झालेल्या, दोन्ही रोलांना हा धोका असतो; धुतलेल्या रोलाला काही होत नाही. ४०० चा रोल १६०० ला पुश करणार असाल (म्हणजे तो १६०० चा मानून फोटो काढणार आणि जास्त वेळ धुणार असाल) तर त्याला १६०० चाच समजा.

हाताने तपासणी मागायची तर तयारी घरूनच करा. रोल खोक्यांतून आणि काळ्या डब्यांतून काढून पारदर्शक झिपच्या पिशवीत भरा, ३२०० चे वर दिसतील असे ठेवा. १२० चे रोल (हा आयएसओ नाही, फिल्मच्या आकाराचा क्रमांक आहे) फॉइलमध्येच राहू द्या. कॅमेऱ्यातला रोल आधीच संपवून काढा, कारण कॅमेरा यंत्रातून जाणारच. बॅग पट्ट्यावर ठेवण्यापूर्वी पिशवी हातात घेऊन विनंती करा. बहुतेकदा रोलांवरून कापडाची पट्टी फिरवून स्फोटकांचे अंश तपासतात. वेळ लागतो, म्हणून लवकर पोचा. अमेरिकेत अशी तपासणी मागता येते. ब्रिटन-युरोपात बरंचसं समोरच्या कर्मचाऱ्यावर असतं. नकार मिळाला तर वाद घालू नका, जुनं यंत्र असलेली दुसरी रांग आहे का ते विचारा. (माणसांसाठीच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीने फिल्मला काही होत नाही.)

शीट फिल्मचं (मोठ्या कॅमेऱ्यांसाठीच्या सुट्या, एकेक पानाच्या फिल्मचं) उघडलेलं खोकं ही खरी पंचाईत, कारण ते तपासायला उजेडात उघडलं तर फिल्म वाया जाते. 'उजेडात उघडू नये' अशी ठळक चिठ्ठी लावा आणि चेंजिंग बॅग (आत हात घालून अंधारात फिल्म हाताळायची पिशवी) सोबत ठेवा.

कुरियरचा आडमार्ग भरवशाचा नाही, पार्सलंही स्कॅन होतात. पोचाल तिथे चांगली लॅब असेल तर परतीआधी रोल तिथेच धुऊन घ्या.