बाबांना नंतर सांगू, आधी भावाशी बोला

प्रश्न: माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं. भाऊ १६ वर्षांचा, अकरावीत आहे. आपल्याला मुलं आवडतात, असं त्याने मला राखीच्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून धड जेवत नाही, कॉलेजात जात नाही. आवडती बॅट मित्राला देऊन टाकली. परवा म्हणाला, "मी नसलो तं तुम्हा सगळ्यायले बरं होईन." त्याला बाहेरचं काही झालं आहे का? बाबांना सांगू का?

उत्तर: ताई, त्याला बाहेरचं काही झालेलं नाही, आणि मुलं आवडणं हा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. पण त्याचं ते वाक्य आणि देऊन टाकलेली बॅट, या दोन्ही धोक्याच्या खुणा आहेत. आजच माहेरी जा.

त्याला वावरात घेऊन जा, घरात सगळ्यांचे कान असतात. धुऱ्यावर शेजारी बसा आणि सरळ विचारा, "मरून जावं असं वाटते का तुले?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. 'हो' म्हणाला तर पुढे विचारा: कसं, कधी, काही ठरवलं आहे का? ठरवलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. "आईचा तरी विचार कर" असं मात्र म्हणू नका. तेवढ्याने पोरगं गप्प होतं आणि पुन्हा बोलत नाही.

आता फवारणीचं औषध. हंगामात अर्धी उरलेली बाटली कोठ्यात वळचणीला खोचलेली असते, ती घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. नुसतं कुलूप लावून भागत नाही. श्रीलंकेत खेड्यापाड्यांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, तरी विषबाधा कमी झाल्या नाहीत. किल्ली शेवटी घरातच राहते. औषध घराबाहेर, काकांकडे किंवा शेजाऱ्याकडे ठेवा आणि त्या दिवसाच्या फवारणीपुरतंच आणा. बाबांना "घरात वास येतो" एवढं कारण पुरे. टोकाचा विचार पुष्कळदा काही मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ हाताशी काही नसावं. तरीही काही पोटात गेल्याची शंका आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. पोलीस केसच्या भीतीने थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, शिक्षेचा विषय होत नाही.

केसपेपर काढताना "झोप नाही, भूक नाही, जीव नकोसा वाटतो" एवढंच सांगा. बाकीचं त्याला वाटलं तर तो डॉक्टरांना आत सांगेल. "याला सरळ करून देतो" म्हणणाऱ्या डॉक्टरकडून उठून या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. भगताकडे नेणं, लग्न उरकून टाकू म्हणणं, हे तर त्याहून घातक. अमेरिकेतल्या २००९ च्या एका अभ्यासात, घरच्यांनी खूप झिडकारलेल्या अशा तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण आठपटीहून जास्त आढळलं. जीव घेते ती झिडकारणी, आवड नव्हे.

म्हणून बाबांना आत्ता सांगू नका. ते कधी आणि कसं सांगायचं, हे भावाने ठरवायचं. फक्त त्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा घरच्यांना "त्याला मरावंसं वाटते, एकटं सोडू नका" एवढं सांगावंच लागेल. कारण सांगायची गरज नाही. त्यालाही हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे विश्वासघात वाटणार नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये साध्या नावाने सेव्ह करून द्या. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तुम्ही रोज रात्री ठरल्या वेळी फोन करा, पाच मिनिटं का होईना. आणि मित्राकडून ती बॅट परत आणा. आठ दिवसांनी तो कसा आहे, ते आम्हाला कळवा.