पूररेषा आणि नगरपरिषद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कृष्णाकाठच्या एका नगरपरिषदेत नियोजन व विकास समितीचा सभापती आहे. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा आमच्या जुन्या गावठाणातून गेली आहे. ती आखताना आम्हाला कोणी विचारले नाही, परवानगी नाकारण्याचा वाईटपणा मात्र आमच्या वाट्याला येतो. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे दुरुस्त करायलाही लोक घाबरतात आणि विकास शुल्काचे उत्पन्न बुडते. हे निर्बंध शिथिल करावेत, असा ठराव शासनाकडे पाठवावा का?

उत्तर : ठराव अवश्य पाठवावा, परंतु शिथिलतेची मागणी त्यात नसावी, असे माझे मत आहे.

तत्कालीन पाटबंधारे, म्हणजे आजच्या जलसंपदा विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकापासून आपल्या राज्यात दोन पूररेषा आखल्या जातात. ढोबळ मानाने, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा बांधकामासाठी निषिद्ध असतो आणि निळ्या ते लाल रेषेपर्यंतचा नियंत्रित, म्हणजे तिथे अटींवर बांधकाम करता येते. ‘२५ वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून अनेक सदस्यांना वाटते की, एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढची २४ वर्षे निर्धास्त राहावे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता एवढाच आहे. त्या हिशेबाने, ३० वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढून निळ्या रेषेवर घर बांधणाऱ्याच्या दारात कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के होते. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा ती ओलांडून खूप वर गेली आणि २०१९ मध्ये तर तिने ५७ फूट गाठले. हे आपण स्वतः पाहिलेले असणार.

आता आपल्या तक्रारीकडे येतो. तिचा काही भाग गैरसमजातून आलेला आहे. राज्यात २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे आपल्या नगररचना विभागात ज्याला यूडीसीपीआर म्हणतात त्यात, निळ्या रेषेच्या आतील अधिकृत जुन्या इमारतींचा पुनर्विकास जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीने आणि लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर करण्याची मुभा आहे. विकास क्षेत्रातील भूखंडाचा काही भागच पूररेषेत येत असेल, तर त्या भागाचे चटई क्षेत्र, म्हणजे त्यावर जेवढे बांधकाम मंजूर होऊ शकते तेवढे, उरलेल्या जमिनीवर वापरता येते. ही माहिती नागरिकांना लेखी देणे नगरपरिषदेच्या हातात आहे.

तक्रारीचा उरलेला भाग मात्र खरा आहे. मोठ्या भूखंडाच्या मालकाला चटई क्षेत्राची सवलत उपयोगी पडते. गावठाणातले अर्ध्या-पाऊण गुंठ्याचे, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेले घर संपूर्णच निळ्या रेषेच्या आत असते, त्याला ‘उरलेली जमीन’ कुठली? तिथे लाल रेषेच्या वर जोते न्यायचे, तर तळमजला मोकळा सोडून घर खांबांवर उभे करावे लागेल, आणि तो खर्च विणकराच्या किंवा शेतमजुराच्या कुटुंबाला पेलणारा नाही. दुसरे असे की, विकास योजनेवर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवणे नगररचना अधिनियम, १९६६ नुसार बंधनकारक आहे. परंतु जलसंपदा विभागाने पूररेषा बदलली की योजनेतील रेषा आपोआप बदललेली मानली जाते. ज्या रेषेवर शेकडो घरांचे भवितव्य ठरते, तिच्याबाबत सुनावणी नसावी, हे मला अन्यायकारक वाटते.

म्हणून ठरावात मागावे ते असे : रेषा कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणावर आणि किती विसर्गावर (नदीतून दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्यावर) आखली, याची माहिती नगरपरिषदेला मिळावी, २०१९ आणि २०२१ च्या पूरखुणा धरून ती पुन्हा तपासावी आणि त्या वेळी सुनावणी व्हावी, तसेच गावठाणातील छोट्या घरांसाठी शासनाने खर्चाचा वाटा उचलून स्वतंत्र योजना करावी. फेरतपासणीत रेषा गावाच्या दिशेने आणखी आत सरकू शकते, हे सदस्यांना आधीच सांगून ठेवा. पुण्यात मुठेची निळी रेषा ६०,००० क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) विसर्ग धरून आखलेली असताना, २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेक पाणी सोडले तेव्हाच एकता नगरीतील घरांत पाणी शिरले होते. भराव आणि राडारोड्याने पात्र अरुंद झाले की जुन्या रेषेचा भरवसा राहत नाही.

शिथिलतेला माझा विरोध आहे, कारण आज परवानगीतून येणाऱ्या शुल्काच्या कितीतरी पट खर्च पुढे नगरपरिषदेलाच बचाव, निवारा आणि गाळ काढण्यावर करावा लागतो. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेला पाडावे लागले. राष्ट्रीय हरित लवादाचा तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला होता.

प्रश्न : नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्येच रद्द झाले. मग आमच्या ग्रामपंचायत हद्दीत पूररेषेचे निर्बंध कसे राहिले?

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रद्द झालेले धोरण पर्यावरण विभागाचे होते आणि प्रदूषण करणारे उद्योग नदीपासून किती अंतरावर असावेत, हे त्यात नदीच्या वर्गवारीनुसार ठरवलेले होते. ते रद्द व्हायला नको होते, असे मला आजही वाटते. पूररेषेचे निर्बंध जलसंपदा विभागाच्या परिपत्रकातून आणि विकास नियंत्रण नियमावलीतून येतात. धोरण रद्द झाल्याने त्यांना बाधा आलेली नाही.