मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घातलं तर ज्यू घरात चालतं का? तोरात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, याबद्दल नेमकं काय सांगितलंय?

चालतं. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या घरांत मटणाचा रस्सा नारळाच्या दुधातच होत आला आहे. मांसाबरोबर मनाई आहे ती जनावराच्या दुधाची, आणि त्यात दही, साय, लोणी, तूप सगळंच आलं. नारळाचं दूध हा फळाचा रस. तो मटणाबरोबरही चालतो आणि दुधाच्या पदार्थाबरोबरही.

"करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस" हे वाक्य तोरात तीन वेळा येतं: मिश्पाटीम, की तिस्सा आणि रेए या पाराशांमध्ये. पाराशा म्हणजे त्या आठवड्याच्या शब्बाथला (शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा विश्रांतीचा दिवस) सभास्थानात वाचायचा तोराचा भाग. वाक्य तीनदा आलं म्हणून रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) तीन मनाया धरल्या: मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही आणि अशा मिश्रणातून कुठलाही फायदा घ्यायचा नाही.

स्वयंपाकघराची पाराशा कोणती असं विचारलंत तर मी रेएचं नाव घेईन. ती बहुतेक ऑगस्टमध्ये वाचली जाते. दुधाची मनाई तिच्यात आहेच, पण त्याआधी रक्ताचीही आहे. 'अनुवाद' या तोराच्या पाचव्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात २०व्या ओवीत आधी मोकळीक दिली आहे: तुझा जीव मांसासाठी आसुसला, तर जिवाला हवं तितकं खा. तीनच ओव्या पुढे म्हटलंय: मात्र रक्त न खाण्याबाबत खंबीर राहा, कारण रक्त हाच जीव, आणि मांसाबरोबर जीव खायचा नाही. हिब्रूत दोन्ही ठिकाणी 'नेफेश' हाच शब्द आहे, आणि मराठीत 'जीव' तो दोन्हीकडे अगदी चपखल बसतो. खाणाऱ्याचा जीव आसुसतो तोही जीवच, आणि जनावराच्या रक्तात असतो तोही जीवच. मला वाटतं, इथे भुकेला वाईट ठरवलेलं नाही. आपल्या जिवाचं ऐकताना दुसऱ्या जिवाचं भान सुटू द्यायचं नाही, एवढंच मागितलंय. प्राचीन ज्यू धर्मपंडित बेन अझ्झाई म्हणतात की रक्त टाळण्यासारख्या सोप्या गोष्टीसाठीही खंबीर राहा म्हटलंय, तर बाकीच्या आज्ञांसाठी किती खंबीर राहावं लागेल! स्वयंपाकघरात हा खंबीरपणा म्हणजे शुक्रवारी दुपारी घाई असतानाही मटणातलं रक्त ओढून घेणाऱ्या मिठाला पूर्ण एक तास देणं.

कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं, मटण हल्ली बऱ्याच ठिकाणी मीठ लावूनच मिळतं, तेव्हा आधी विचारून घ्या. तसं नसेल तर घरी करा. मटण फ्रीजमधून काढून नेहमीच्या तापमानाला आणा, वरचं रक्त धुवा आणि पाण्यात बुडवून अर्धा तास ठेवा. नंतर निथळवा. ओलसर राहू द्या, पण पाणी ठिबकायला नको, नाहीतर मीठ वाहून जातं. आता जाडसर मीठ सगळ्या बाजूंनी लावा, हाडाच्या खोबणीत आणि घडीच्या आतही. बारीक मीठ लगेच विरघळतं आणि रक्त ओढत नाही, तर फार मोठे खडे घरंगळून पडतात. साखरेच्या दाण्यापेक्षा जरासं जाड मीठ योग्य. तुकडे तिरप्या फळीवर किंवा भोकाच्या चाळणीत एक तास ठेवा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली वाहून जाईल. ताटात ठेवलंत तर मटण त्याच पाण्यात पडून राहतं आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटी तीन वेळा स्वच्छ धुवा. मीठ लावल्यावर तुकडा आणखी कापलात तर कापलेल्या बाजूंसाठी पुन्हा हेच सगळं करावं लागतं. खिमा करायचा असेल तर आधी मीठ, मग खिमा. कलेजीला हा उपाय चालत नाही, तिच्यात रक्त फार. ती चिरून, थोडं मीठ टाकून थेट आचेवर भाजावी लागते.

आता रस्सा. एक किलो हाडासकट मटण, तेही पुढच्या भागाचं. मागच्या पायातली मोठी शीर काढावी लागते आणि ते जाणत्याचंच काम आहे. मोठा नारळ खवून पाऊण वाटी कोमट पाण्यात वाटा आणि पिळून घट्ट दूध वेगळं काढा. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पातळ दूध काढा. एक जुडी कोथिंबीर, सहा हिरव्या मिरच्या, दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं वाटून घ्या. तेलात दालचिनी, चार लवंगा, मग तीन कांदे गुलाबी होईपर्यंत परता. वाटण आणि अर्धा चमचा हळद घालून तेल सुटेपर्यंत परतत राहा. मटण घालून दहा मिनिटं परता, पातळ दूध ओता आणि झाकण ठेवून मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवा. बटाटे मटण अर्धवट शिजल्यावर घाला. मीठ मात्र मटण शिजल्यावर चव बघूनच घाला. मटण मिठात राहून आलेलं असतं, त्यामुळे नेहमीच्या अंदाजाने घातलंत तर रस्सा हमखास खारट होतो.

घट्ट दूध सगळ्यात शेवटी. आच अगदी मंद करा, झाकण काढा, दूध घालून ढवळत पाचेक मिनिटं ठेवा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की बास. खळखळून उकळलं तर दुधातली प्रथिनं आवळतात, स्नेह सुटतो आणि रस्सा फाटल्यासारखा दिसतो. आंबटही तेच करतं, म्हणून कोकम गॅस बंद केल्यावर टाका.

शब्बाथला स्वयंपाक करायचा नसतो. शुक्रवारी सूर्यास्ताआधी रस्सा हॉट प्लेटवर ठेवणार असाल तर पातळ दुधात एक चमचा तांदळाचं पीठ कालवून घाला आणि रस्सा थोडा सैल ठेवा. तासन्‌तास गरम राहूनही मग तो सहसा फुटत नाही.

नारळ खवायला वेळ नाही म्हणून पावडर आणणार असाल तर पाकिटामागचं वाचा. नारळाच्या दुधाच्या पुष्कळ पावडरींमध्ये सोडियम केसिनेट असतं आणि ते गाईच्या दुधापासूनच काढतात. ती मटणात चालत नाही. दूध नसलेली, कोशेरचा शिक्का असलेली घ्या.

पाहुण्यांना ताटातला रस्सा खऱ्या दुधाचा वाटेल का, हा प्रश्न जुनाच आहे. क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी १६व्या शतकात बदामाच्या दुधाबद्दल लिहिलं की त्यात जनावराचं मांस असेल तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. अलिबागेत किंवा पेणमध्ये रश्शातलं नारळाचं दूध कोणालाही ओळखता येतं, तिथे याची गरज नाही असं माझं मत. इस्राएलमध्ये किंवा परदेशात, बेने इस्राएल नसलेले ज्यू जेवायला असतील तर वर ओल्या नारळाचे चार काप ठेवा. जेवणानंतर चहा मात्र बिनदुधाचा. बहुतेक घरांत मटणानंतर दुधासाठी सहा तास थांबतात.