राब भाजताना मजुरांना चक्कर: रुमाल पुरत नाही, तणनाशक तर नकोच

प्रश्न (मुरबाड तालुका): राब भाजताना (भाताच्या रोपांची जागा शेणी-पाला पेटवून भाजताना) दोन मजूर बायांना चक्कर आली, खोकला अजून जात नाही. दुकानदार म्हणतो, गवतावर तणनाशक मारून पेटवा, धूर कमी होईल. काय करावे?

उत्तर: दुकानदाराचे ऐकू नका. तणनाशकाने गवत वाळते, जमिनीतले तणाचे बी मरत नाही. फवारलेले गवत पेटवले की औषधाचा अंशही धुरात जातो. दुप्पट मात्रा मारून चार दिवसांत काडी लावणारे मी बरेच पाहिले. पॅराक्वाट या तणनाशकाच्या विषबाधेवर उतारा नाही, एवढे ध्यानात ठेवा. रिकाम्या बाटल्या, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्याही राबात टाकू नका. हे दरवर्षी सांगतो, तरी दरवर्षी दिसते.

शेणी, टहाळ, पातेरा आणि वर मातीचा थर, म्हणून राब कोंडून धुमसतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. माती सारखी करायला बाया उकिडव्या बसतात, तोंड नेमके धुराच्या पातळीला. रुमालाने फार तर राख अडते. एन-९५ बारीक कण अडवतो, हा वायू नाही. पहाटे वारा पडलेला असताना पेटवू नका, धूर खाचरातच बसतो. गरोदर बाई, दमेकरी आणि पोरे बांधावरही नकोत.

डोके दुखले, मळमळले, भोवळ आली तर आधी मोकळ्या हवेत न्या आणि थेट दवाखाना गाठा. गूळ-दूध देत बसू नका. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ठीक दिसला तरी विश्वास ठेवू नका, या वायूत ते यंत्र फसते. डॉक्टरांना 'धुरात होती' हे आवर्जून सांगा.

खरे सांगायचे तर राब सोडा. गादीवाफा करा, भातगिरणीतली तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा. राख तयार आणा, घरी तूस पेटवू नका, नाहीतर पुन्हा तोच धूर. बियाणे मिठाच्या पाण्यात (10 लिटरला 300 ग्रॅम) बुडवून पोचट काढा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. एक निंदणी जास्त लागेल, लागू दे. टहाळ-पातेरा खड्ड्यात कुजवा.

पाला कुट्टी यंत्राच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, फार्मर आयडी लागेल. पूर्वसंमती हातात येईपर्यंत यंत्र घेऊ नका, दुकानदार कितीही घाई करो.