आईनं देवपूजा सोडली, हे डिप्रेशन आहे का?

"मॅडम, आईनं देवपूजा सोडलीय, हे डिप्रेशन असेल का?" असा फोन मला, समुपदेशक म्हणून, वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी आईच्या जागी वडील असतात, कधी सगळं उलटं, म्हणजे जन्मभर देवळाची पायरी न चढलेला माणूस रिटायर झाल्यावर जपमाळ घेऊन बसतो आणि घरचे हबकतात. त्यातलीच ही एक केस, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

काकू सांगलीच्या, वय ६६. मुलगी पुण्यात आयटीत, रजा टाकून त्यांना घेऊन आलेली. बसल्या बसल्या तीच बोलायला लागली, की बाबा जाऊन दोन वर्षं झाली, आईचं सोवळं, चातुर्मासाचे नेम, एकादशा, दर कार्तिकीला पंढरपूर, हे सगळं ४० वर्षं चाललेलं आणि आता चार महिने देवघराचं दार उघडलेलं नाही. काकू आपल्या पर्सची चेन उघड-बंद करत गप्प.

अशा वेळी मी आधी देवाचं विचारतच नाही. झोप कशी आहे, जेवण जातंय का, दोन आठवड्यांच्यावर कशातच मन लागत नाही असं झालंय का, जगणं नको वाटतं का, गॅस बंद करायचा विसरतो का, हे विचारते. यात हो-हो आलं तर सरळ मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवते. थायरॉइड आणि बी-१२ पण बघायला सांगते, कारण त्यानंही या वयात माणूस मंदावतो. काकूंचं सगळं ठीक निघालं. भिशीला जातात, शेजारच्या पोराशी कॅरम खेळतात, हरल्या की चिडतात पण.

दुसऱ्या वेळी त्यांना एकटीलाच बोलावलं. म्हणाल्या, "ताई, एका सकाळी बाळकृष्णाला ताम्हनात घेतलं, पाणी घातलं, पुसलं, आणि हाताला नुसतं पितळ लागलं. राग आला असता तरी चाललं असतं, तोही नाही आला." पुढं वर्षभर घरात काही वाईट व्हायला नको या धाकानं करत राहिल्या, मग तेही थांबलं.

मी फाइलवर 'पतीवियोग' लिहायच्या बेतात होते. काका गेले म्हणून का, असं विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांच्या आजारपणात तर सगळ्यात जास्त केलं की. तेव्हा होता तो." पेन खाली ठेवलं.

त्यांना भीती पापाची नव्हती, आता सासष्टीत कोण बदलतं याची होती. मला ना. वा. टिळक आठवले, त्यांच्या कविता काकूंना शाळेत होत्या. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, एवढं आपल्याला माहीत असतं. पण १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा स्वतंत्र मेळा सुरू केला, म्हणजे देव तोच पण घरोबा परत वेगळा, हे फारसं कुणी सांगत नाही. काकू म्हणाल्या, "लक्ष्मीबाईंनी काय काय काढलं असेल हो!" आणि पहिल्यांदा मोकळं हसल्या.

खरी गाठ मुलीपाशी होती. कॉलेजात असताना हीच सत्यनारायणाला हात जोडणार नाही म्हणून बाबांशी भांडलेली, आणि आता मुलाच्या दुखण्यापासून गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण करते. मी म्हटलं, "तुम्ही बदललात तेव्हा आई तुम्हाला कुणाकडे घेऊन गेली होती?" जरा चरचरीतच बोलले, मान्य आहे. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आई करतेय म्हणून मी निर्धास्त होते. आता आमच्यासाठी कोण करणार?"

हे मी खूप घरांत बघते. घरात एक माणूस सगळ्यांच्या वाटचा देव धरून बसलेला असतो, बाकीचे त्याच्या जिवावर मानतात किंवा वाद घालतात, आणि त्यानं हात सोडला की सगळ्यांच्या पायाखालची वाळू सरकते. त्यामुळं देव आहे का नाही यावर आम्ही एक मिनिटही घालवला नाही. ठरलं एवढंच, की मुलीनं रोज फोनवर 'दिवा लावलास का' विचारायचं नाही आणि जावा-नणंदांनी टोकलं तर काकूंनी 'पूजा आता लेकीकडे दिली' म्हणून मोकळं व्हायचं. तुळशीला मात्र त्या अजून पाणी घालतात. का, तर "वाळेल ना ती!"

दिवाळीनंतर मुलीचा फोन आला. आईनं बाळकृष्ण मऊ पंचात गुंडाळून स्टीलच्या डब्यातून तिच्या हवाली केला होता, वर ताकीद, चिंचेनंच घासायचा, पावडरनं ओरखडे पडतात. आणि आता दर एकादशीला सांगलीहून फोन येतो, "घासलास का गं त्याला?"