काढलेली भाजी म्हातारी कशी होते?

भाज्यांच्या साठवणुकीवरील मागील लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. चारही प्रश्नांचा रोख एकच आहे : झाडापासून तोडल्यानंतर भाजीच्या पेशींत नेमके काय घडते?

प्रश्न : तोडलेली भाजी मृतच असते ना? मग ती सुकते किंवा कुजते एवढे म्हणणे पुरेसे नाही का? ‘वार्धक्य’ हा शब्द कशासाठी?

उत्तर : पुरेसे नाही, कारण तोडलेली भाजी मृत नसते. मुळांकडून येणारे पाणी आणि पानांकडून येणारी साखर तुटली, तरी तिच्या पेशी श्वसन करत राहतात, जनुके चालू-बंद करत राहतात आणि नवी प्रथिनेही बनवतात. कुजणे हे जिवाणूंचे आणि बुरशीचे काम आहे, सुकणे म्हणजे पाणी उडून जाणे. वार्धक्य मात्र पेशी स्वतः घडवून आणते. याचा पुरावा अगदी साधा आहे. तोडलेल्या पानाला प्रथिननिर्मिती रोखणारे सायक्लोहेक्झिमाइडसारखे द्रव्य दिले, तर ते पान लवकर पिवळे पडायला हवे असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात ते अधिक काळ हिरवे राहते. म्हणजे म्हातारे होण्यासाठी पेशीला नवी प्रथिने तयार करावी लागतात, आणि ती करू दिली नाहीत तर वार्धक्य रेंगाळते.

झाडावर या प्रक्रियेला अर्थ असतो. जुन्या पानातील प्रथिने मोडून त्यांतील नायट्रोजन कोवळ्या पानांकडे व बियांकडे पाठवणे ही वनस्पतीची काटकसर आहे. तोडलेल्या भाजीत ही मोडतोड तशीच सुरू होते, फक्त माल पाठवायला पुढे कोणी उरलेले नसते.

ॲस्परॅगसचे कोंब हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे, असे मला वाटते. हा कोंब कापला जातो तेव्हा तो झपाट्याने वाढत असतो आणि त्याच्या शेंड्याची भूक प्रचंड असते. कापल्यानंतर काही तासांतच शेंड्यातील साखर घसरते, साखर संपत आली की पेशी प्रथिनांकडे वळतात, आणि प्रथिने व अमिनो आम्ले जाळताना अमोनिया सुटतो, जो पेशीला विषारी असतो. त्याला बांधून ठेवण्यासाठी कोंब ॲस्परॅजिन नावाचे अमिनो आम्ल साठवू लागतो. न्यूझीलंडमधील डेव्हिस आणि किंग या संशोधकांनी १९९३ मध्ये ते बनवणाऱ्या विकराचे जनुक वेगळे केले आणि काढणीनंतर अवघ्या काही तासांत ते जागे होते असे दाखवले. वरून पाहिले तर कोंब त्या वेळी पूर्ण ताजा, कडक आणि हिरवागार असतो. (ॲस्परॅजिन हे शुद्ध स्वरूपात वेगळे केलेले पहिले अमिनो आम्ल. व्होकेलँ आणि रोबिके यांनी ते १८०६ मध्ये ॲस्परॅगसच्याच रसातून मिळवले आणि नावही तेथूनच आले.)

प्रश्न : हिरवी भाजी पिवळी पडते तेव्हा हिरवा रंग जातो कुठे, आणि पिवळा येतो कुठून?

उत्तर : पिवळा कुठून येत नाही, तो आधीपासूनच तेथे असतो. हरितद्रव्याच्या दाट हिरव्या रंगाखाली कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये झाकलेली असतात. हिरवा पडदा सरला की ती दिसू लागतात.

हिरवा पडदा कसा सरतो, हे समजून घेण्यासारखे आहे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. तो बाहेर काढणे ही पहिली पायरी. मग रेणूची लांब शेपटी कापली जाते, त्यानंतर त्याचे वलय फोडले जाते, आणि शेवटी उरलेले रंगहीन तुकडे पेशीतील रिक्तिकेत साठवले जातात. एवढा खटाटोप कशासाठी? पानातील सुमारे तीन चतुर्थांश नायट्रोजन हरितलवकातील प्रथिनांत असतो. ती प्रथिने मोडली की त्यांना चिकटलेले हरितद्रव्य मोकळे होते, आणि मोकळे हरितद्रव्य प्रकाशात पेशीलाच भाजून काढते. म्हणून आधी त्याचा दंश काढून घ्यावा लागतो. मॅग्नेशियम निघून जाण्याची ही पहिली पायरी आपण स्वयंपाकघरातही पाहतो : हिरवी भाजी फार वेळ शिजवली की ती मळकट, शेवाळी रंगाची होते. तेथे हे काम उष्णता आणि भाजीतील आम्ल करतात, जिवंत पेशीत मात्र त्यासाठी एक प्रथिन नेमलेले असते. इंग्रजीतील ‘स्टे-ग्रीन’ या शब्दांवरून त्याच्या जनुकाला एसजीआर म्हणतात.

या जनुकाची ओळख फार जुनी आहे. मेंडेलने वाटाण्याचे जे सात गुणधर्म अभ्यासले आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांत दाण्याचा पिवळा किंवा हिरवा रंग हा एक होता. हिरव्या दाण्याच्या वाणात हे एसजीआर जनुकच बिघडलेले असते, हे २००७ मध्ये सिद्ध झाले. आणि त्याचे प्रथिन मॅग्नेशियम काढते, हे २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. मेंडेलच्या कागदावरील एका अक्षराला त्याचे रासायनिक काम मिळायला दीडशे वर्षे लागली!

प्रश्न : पिकलेल्या सफरचंदांजवळ काकडी व पालेभाज्या ठेवू नयेत असे सांगतात. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : पूर्ण तथ्य आहे. पिकणारे फळ इथिलीन हा वायू सोडते. वनस्पतींवर होणारा त्याचा परिणाम प्रथम दिव्याच्या गॅसमुळे लक्षात आला : सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबोव्ह यांच्या प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढत होती, आणि याला गॅसमधील इथिलीन कारणीभूत आहे, हे त्यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. फळे स्वतःच इथिलीन बनवतात, हे गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले.

पेशीतील इथिलीनचे ग्राहक, म्हणजे इथिलीन ओळखणारी प्रथिने, काहीसे उलट्या पद्धतीने काम करतात. इथिलीन नसते तेव्हा ते वार्धक्याचा मार्ग अडवून धरतात. इथिलीन येऊन बसले की ते गप्प होतात आणि मार्ग खुला होतो. १-एमसीपी नावाचा वायू त्याच जागी घट्ट बसतो, पण ग्राहकाला गप्प करत नाही. म्हणून तो दिल्यावर ब्रोकोली अधिक दिवस हिरवी राहते. तरी सगळा दोष इथिलीनला देता येत नाही. अंधार, उपासमार आणि पाण्याचा ताण यांचे संदेशही वार्धक्य सुरू करणाऱ्या त्याच नियंत्रक प्रथिनांपर्यंत पोहोचतात. त्यांपैकी एकाचे नाव ओरे-१. ‘दीर्घायुषी’ या अर्थाच्या कोरियन शब्दावरून ते आले, कारण ते बिघडलेल्या झाडांची पाने अधिक काळ जगतात.

प्रश्न : मग जनुकांत बदल करून कधीच म्हातारी न होणारी भाजी तयार करता येईल का? की थंड जागा हाच उपाय?

उत्तर : माझ्या मते आज तरी थंडीला तोड नाही. तापमान १० अंशांनी उतरले की श्वसनाचा वेग साधारण निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होतो. २० अंश सेल्सिअसला ब्रोकोली तीनेक दिवसांत पिवळी पडते, तीच शून्य अंशाजवळ तीन-चार आठवडे टिकते. अपवाद उष्ण हवामानातल्या भाज्यांचा : काकडी, वांगी, ढोबळी मिरची यांना साधारण ७ ते १० अंशांखाली बराच काळ ठेवले की पेशींचे पापुद्रे बिघडतात आणि खळगे पडतात.

जनुकांचा मार्ग खुला आहे, पण त्यात एक फसगत आहे. एसजीआर बंद केले की भाजी हिरवी दिसते; आतील साखर आणि प्रथिने मात्र ठरल्याप्रमाणे मोडतच राहतात. भाजी विकत घेणारा रंग पाहून ताजेपणा ओळखतो, त्यामुळे अशी भाजी बाजारात आणणे मला योग्य वाटत नाही. १९९५ मध्ये गॅन आणि ॲमासिनो यांनी तंबाखूवर केलेला प्रयोग अधिक मुळाशी जातो. वार्धक्य सुरू होताच जागे होणारा जनुकाचा भाग त्यांनी सायटोकायनिन बनवणाऱ्या जनुकाला जोडला. पान म्हातारे होऊ लागले की ते स्वतःच वार्धक्य रोखणारे संप्रेरक बनवू लागते, संप्रेरकाने वार्धक्य थांबले की निर्मितीही थांबते, त्यामुळे त्याचा अतिरेक होत नाही. हीच रचना पुढे लेट्यूसमध्येही वापरली गेली.

जनुकांना हात न लावता त्यांचे वेळापत्रक सांभाळण्याची वाटही आहे. राइस विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये कापलेल्या कोबीला १२ तास उजेड आणि १२ तास अंधार दिला, तेव्हा तिच्या पेशींतील दिवस-रात्रीचे घड्याळ पुन्हा लयीत आले, आणि किडींपासून बचाव करणारी द्रव्ये त्या लयीत कमी-जास्त होऊ लागली. त्याच लयीत वाढवलेल्या अळ्यांनी ती कोबी कमी खाल्ली. पालक, लेट्यूस आणि जमिनीखाली वाढणारे गाजर यांनीही उजेड-अंधाराला असाच प्रतिसाद दिला.